मुक्या जिवांची ठेव

(पंचायत सदस्य, शिक्षक, अधिकारी आणि स्वयंरोजगाराच्या शोधात असलेले तरुण यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी हे विषय अशा व्यासपीठास परिचित आहेत. कुत्री, मांजरे आणि घोडे काही दिवसांकरिता ठेवून घेऊन त्यांची निगा राखणारे छोटे केंद्र चालविणे हाही एक प्रामाणिक व्यवसाय होऊ शकतो, हे मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. त्याचबरोबर हा व्यवसाय निष्काळजीपणे चालविला तर जनावराचे, मालकाचे आणि साऱ्या गावाचे कसे नुकसान होते, हेही सांगावयाचे आहे.

गरज कोठून निर्माण झाली ते प्रथम पाहू. एकत्र कुटुंबात घर कधी रिकामे पडत नसे. कुत्र्याला भाकरी घालावयास कोणीतरी असेच. आज शहरातील नोकरदार कुटुंब दिवाळीत गावी निघाले की घरास कुलूप लागते आणि कुत्र्याचे काय करावे हा प्रश्न उभा राहतो. घोड्याचा प्रश्न निराळा आहे. माथेरानमध्ये सर्वसाधारण मोटारींना मज्जाव असल्यामुळे घोड्यावर अनेक कुटुंबांचे पोट चालते. महाबळेश्वर व पाचगणी येथे सहलीचे घोडे आहेत. गावोगावी वरातीचे घोडे आहेत. पावसाळ्यात पर्यटक ओसरतात, लग्नसराई संपते. घोड्याची भूक मात्र ओसरत नाही. अशा दिवसांत घोडा विश्वासाने ठेवता येईल अशी जागा जवळपास असेल, तर त्याची उपासमार टळते आणि डोंगराखालच्या गावातील वैरणीलाही गिऱ्हाईक मिळते.

परंपरा आपलीच आहे

ही कल्पना परदेशी आहे असा समज करून घेण्याचे कारण नाही. शिवकालीन पागेची व्यवस्था सभासद बखरीत नमूद आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, असे तेथे प्रमाण ठरलेले होते. म्हणजे पाणी आणि खूर या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणूस नेमल्यावाचून घोडे ठेवू नयेत, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. चिपळूणजवळ हलवर्ण येथे असलेल्या छावणीतील जुमलेदार व हवालदार यांना शिवछत्रपतींनी पाठविलेले पत्र आपण सर्वांनी शाळेत अभ्यासले आहे. रयतेला उपसर्ग देऊ नये म्हणून ते प्रसिद्ध आहे. परंतु पशुपालकाच्या दृष्टीने ते पुन्हा वाचावे. पावसाळ्याची बेगमी असलेला दाणा व वैरण आधीच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि तो दोष सांभाळणाऱ्याचाच होईल, असे त्यात बजावले आहे. पेटता दिवा ठेवून निजल्यास उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंज्या जळून जातील, येथपर्यंत त्यातील दक्षता पोहोचते. वैरणीचा साठा आणि आगीची भीती या दोन बाबी आजही प्रत्येक तबेल्याच्या मुळाशी आहेत.

मुंबईत भुलेश्वरचे पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाले. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ १८८६ सालचा. आणि कोंडवाडा तर प्रत्येक गावास माहीत आहे. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याच्या रखवालदारावर दोन कामे सोपविली होती : कोंडलेल्या जनावरांची नोंद ठेवणे आणि त्यांना चारापाणी देणे. आपण ज्या केंद्राविषयी बोलत आहोत, त्याचा सारा कारभार या दोन शब्दांत सामावतो : नोंद आणि चारापाणी.

ठेव म्हणजे काय?

या व्यवसायात आपण जागा भाड्याने देत नाही. आपण ठेव स्वीकारतो. सोनाराकडे दिलेला दागिना आणि आपल्याकडे सोडलेला कुत्रा यांत कायद्याच्या दृष्टीने बरेच साम्य आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात यास निक्षेप म्हटले आहे. कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ठेव सांभाळणाऱ्याने घेतलीच पाहिजे. कलम १६३ चे उदाहरण मोठे बोलके आहे. सांभाळावयास दिलेली गाय व्याली, तर गाईबरोबर वासरूही मालकास परत करावे लागते.

मालकावरही बंधन आहे. ठेवीतील ज्ञात दोष न लपविण्याचे कर्तव्य कलम १५० मध्ये सांगितले आहे आणि तेथील उदाहरण खोडकर घोड्याचेच आहे. खोड ठाऊक असून ती न सांगता घोडा दिला आणि त्यामुळे घेणारा जखमी झाला, तर नुकसानीस देणारा जबाबदार ठरतो. म्हणून घोडा लाथ मारतो काय, कुत्रा परक्यास चावतो काय, हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. त्याचे उत्तर लेखी घ्यावे व मालकाची सही घ्यावी.

याखेरीज १९६० चा प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे. त्याच्या कलम ३ मधील कर्तव्य केवळ मालकाचे नव्हे. जनावर ज्याच्या ताब्यात वा देखरेखीखाली आहे, त्या प्रत्येकाचे ते आहे. तेव्हा ‘जनावर माझे नव्हते’ ही सबब केंद्रचालकास चालणार नाही.

नोंदवही

नोंदवहीत प्रत्येक जनावरास एक पान द्यावे. आल्याची तारीख व वेळ, वर्णन, अंगावरील जुन्या जखमा, लसीकरणाचे दाखले, नेहमीचा आहार, चालू औषधे, मालकाचा आणि त्याच्या अनुपस्थितीत निर्णय घेऊ शकणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक त्यात असावा. जनावर अचानक आजारी पडले आणि मालकाशी संपर्क झाला नाही, तर उपचार करावे किंवा नाही आणि किती खर्चापर्यंत, याची संमती आधीच घ्यावी. रात्री दोन वाजता घोडा पोटशुळाने लोळत असताना हा प्रश्न सोडवीत बसण्यास अवधी नसतो.

ठरल्या दिवशी मालक आलाच नाही तर पुढे काय, याचेही उत्तर करारात असावे. म्हातारा वा लंगडा झालेला, कमाई संपलेला घोडा केंद्रात आणून सोडावा आणि पुन्हा फिरकू नये, असा मोह काहींना होऊ शकतो. सबळ कारणावाचून जनावर टाकून देणे हा वरील अधिनियमाखाली गुन्हा आहे, हे मालकास प्रथमच सांगावे. दीर्घ मुदतीसाठी घोडा घेताना आगाऊ रक्कम आणि गावातील एक जामीन घेणे श्रेयस्कर.

रोज सकाळ-संध्याकाळ किती खाल्ले, किती प्याले, शौच कसे झाले, याची त्या पानावर नोंद करावी. मुक्या प्राण्यास तक्रार सांगता येत नाही. उरलेला दाणा हीच त्याची तक्रार. विशेषतः मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, तर त्याच्या यकृतास गंभीर इजा पोहोचू शकते. नवीन जागी रुसले असेल म्हणून थांबू नये, पशुवैद्यकास दाखवावे.

घोड्याची वैरण : साधा हिशेब

साधारण ३०० किलो वजनाच्या देशी घोड्यास वजनाच्या दोन टक्के, म्हणजे दिवसाकाठी सुमारे ६ किलो सुकी वैरण धरावी. दहा घोडी पावसाळ्याचे १२० दिवस ठेवावयाची असतील, तर ७,२०० किलो वैरण लागेल. ती मृगापूर्वी कोरड्या, जमिनीपासून उंच कोठारात पडली पाहिजे. एवढी जागा आणि एवढे भांडवल नसेल तर दहाऐवजी चार घोडी घ्यावी. बुरशी आलेली वैरण घोड्यास विषासमान होय. गाईला ओकारीवाटे अन्न परत आणून रवंथ करता येते. घोड्याला ओकताच येत नाही. पोटात गेलेले अपायकारक अन्न पोटातच राहते आणि पोटशूळ उठतो. त्याच कारणास्तव आहारात एकाएकी बदल करू नये. नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावा. चंदी एकाच वेळी भरपूर न घालता दोन-तीन वेळा थोडी थोडी द्यावी. स्वच्छ पाणी सदैव समोर असावे. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी सहज लागते.

ठाण साधारण १२ फूट लांब व तेवढेच रुंद असावे. घोड्यास पाय पसरून निजता आणि वळता आले पाहिजे. जमीन निसरडी नको, पाणी तुंबता कामा नये. खरारा रोज झाला पाहिजे. खूर रोज उचलून साफ करावेत. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून नाल बदलावेत. घोड्यास धनुर्वाताचा धोका फार, म्हणून ती लस टोचलेली आहे याची खात्री करावी. लीद रोज काढून तबेल्यापासून दूर खड्ड्यात कुजवावी. माश्या कमी होतात आणि शेतास खत मिळते. वैरणीच्या कोठारात विडी-काडी आणि उघडा दिवा यांना सक्त मनाई असावी.

कुत्री आणि मांजरे

घोडा, कुत्रा व मांजर यांची व्यवस्था वेगवेगळी असावी. कुत्री भुंकू लागली की घोडे बुजतात. मांजराला तर कुत्र्याचा नुसता वासही अस्वस्थ करतो. रेबीजची लस टोचल्याचा चालू दाखला नसेल तर कुत्रा घेऊ नये, मग मालक कितीही ओळखीचा असो. पार्व्हो, डिस्टेम्पर आणि लेप्टोस्पायरोसिस या लसीही झालेल्या असाव्यात. पार्व्होचे विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात आणि साध्या फिनेलला दाद देत नाहीत. लादी प्रथम घासून धुवावी, नंतर ब्लीचिंगचे द्रावण वापरावे आणि सुकल्यावरच जनावर आत सोडावे. मांजरांच्या खोलीत तर फिनेल वापरूच नये, कारण त्यातील द्रव्ये मांजराच्या शरीरास पचत नाहीत. दाण्याच्या पिंपांना घट्ट झाकणे हवीत. उंदीर आले की लेप्टोस्पायरोसिसची भीती आली, आणि तो रोग माणसासही होतो.

गावाची सुरक्षितता

आता पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा. निरनिराळ्या ठिकाणची जनावरे जेथे एकत्र येतात, तेथे रोगही एकत्र येतात. यास्तव केंद्रात विलगीकरणाची एक जागा राखून ठेवलीच पाहिजे. सारंगखेडा किंवा माळेगावसारख्या यात्रेतून नुकताच खरेदी केलेला घोडा सरळ इतरांच्या ओळीत बांधू नये. तीन आठवडे वेगळा ठेवावा. त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा असावा आणि मोतद्दाराने त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणुजन्य रोग माणसासही जडतो. त्यावर जनावरासाठी लस उपलब्ध नाही आणि रोग सिद्ध झाल्यास घोडा नष्ट करावा लागतो. संशय येताच पशुसंवर्धन विभागास कळविणे २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग प्रतिबंध अधिनियमाने बंधनकारक आहे. रोग लपविण्याने धंदा वाचत नाही. एका घोड्याऐवजी दहा घोडे जातात.

रेबीजविषयीही एक गोष्ट ठामपणे सांगावयास हवी. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. केंद्रात काम करणाऱ्यांनी प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. चावा वा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. शिक्षकांनी एवढी एक गोष्ट जरी मुलांना शिकविली, तरी एखादा जीव वाचेल.

दर कसा ठरवावा?

तरुण मित्रहो, आपल्या मनात कमाईचा प्रश्न असणार. दहा जागांच्या केंद्रात वर्षाला ३,६५० दिवसांची सोय असते; पण सुट्ट्यांत गर्दी आणि एरवी सामसूम, असा हा धंदा आहे. निम्मे दिवसच भरतील असे धरावे. म्हणजे उरतात १,८२५ दिवस. मजुरी, वैरण, औषध, डागडुजी, कर्जाचा हप्ता आणि स्वतःची मजुरी मिळून वर्षाचा सर्व खर्च मांडावा आणि त्यास १,८२५ ने भागावे. येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी दर लावणारा चालक अखेर जनावराच्या चंदीतूनच तूट भरून काढतो. घोड्यांचा आणि कुत्र्यांचा हिशेब अर्थातच वेगळा मांडावा.

आणि दिवाळीत दहा जागा भरल्यावर अकरावा ग्राहक दारात आला, तर त्यास नम्रपणे नकार द्यावा. ‘जागा नाही’ असे म्हणता येणे ही या व्यवसायातील खरी पात्रता होय. अकराव्या कुत्र्यासाठी विलगीकरणाची खोली उघडली गेली की आतापर्यंत सांगितलेली सारी व्यवस्था कोलमडते.

शेवटी, पंचायतींना विनंती. असे केंद्र गावात सुरू करण्याची परवानगी कोणी मागितली, तर इमारत पाहण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : नोंदवही, वैरणीचे कोठार आणि विलगीकरणाची जागा. पशुवैद्यक किती अंतरावर आहे तेही विचारावे. या तीन गोष्टी असतील तर पत्र्याच्या छपराखालीही जनावर सुखरूप राहील. नसतील तर संगमरवरी लादीचा उपयोग नाही. घरी परतलेल्या मालकास त्याचे जनावर पूर्वीइतकेच धडधाकट परत मिळाले, एवढीच या धंद्याची जाहिरात पुरेशी आहे.