काहून?



वैशाखात दिवसभर दारं-खिडक्या लावून बसलेलं हे अकोला गाव संध्याकाळी व्याख्यानाला बाहेर पडतं, याचं मला फार मोल वाटतं. म्हणून आज मी आपल्या घरचाच एक शब्द घेऊन आलो आहे : काहून. प्रमाण मराठीत 'का' आहे, पण ते लांबून विचारता येतं. 'काहून' विचारणारा मात्र अगदी जवळ येऊन उभा राहतो. उत्तर मिळाल्याशिवाय तो हलत नाही.

लहानपणी मी आजोबांबरोबर मूर्तिजापूर स्टेशनवर जायचो. एकीकडे मुंबई-नागपूरची मोठी गाडी, दुसरीकडे यवतमाळ-अचलपूरची छोटी गाडी, शकुंतला. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. मी विचारलं, हिचे रूळ एवढे जवळ-जवळ काहून? शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "तुले काय करा लागते?" आजोबा म्हणाले, "जाय, दोन्ही मोजून ये." रुळांमधलं अंतर एकीकडे अडीच फूट, दुसरीकडे साडेपाच. मग त्यांनी समजावलं, की ही लाइन कापसासाठी टाकली. अरुंद रूळ स्वस्तात पडतात आणि कापूस मोठ्या लाइनीपर्यंत पोचला म्हणजे कंपनीचं काम झालं. देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, हिच्या रुळांची मालकी मात्र खासगी कंपनीकडेच राहिली आणि गाडी चालवणारी मध्य रेल्वे तिला पैसे मोजत राहिली, हे मला कितीतरी वर्षांनी वाचायला मिळालं. पण त्या वाचनाची सुरुवात आजोबांच्या 'मोजून ये'मध्ये होती.

'तुले काय करा लागते' या चार शब्दांनी आपल्याकडची किती पोरं गप्प केली असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जो गप्प बसला नाही अशा एका माणसाबद्दल आज मला मुख्यतः बोलायचं आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म १८७१, नागपूरचा. शिक्षण खामगाव, अकोला आणि पुण्यात. वकिली याच अकोल्यात, पुढे खामगावला आणि नंतर सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोदला. त्यांना आपण विनोदकार म्हणून ओळखतो. 'सुदाम्याचे पोहे'मधले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तिघांनी मराठी विनोदाला पहिल्यांदा उभं राहायला जागा दिली. 'वीरतनय', 'मूकनायक', 'मतिविकार' ही नाटकं त्यांची. महाराष्ट्रगीतही त्यांचं. गडकरी त्यांना गुरू मानत. आणि याच माणसाने भारतीय ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिला, ग्रहांच्या गती मांडल्या! चरित्रकार या शेवटच्या गोष्टीला 'व्यासंग' म्हणून एक ओळ देतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. माझ्या मते त्यांचं गणित आणि त्यांचा विनोद हे एकच काम आहे.

कसं, ते सांगतो. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाने धरलेलं वर्ष आणि सूर्याचं प्रत्यक्ष नाक्षत्र वर्ष यांत सुमारे साडेतीन मिनिटांचा फरक आहे. साडेतीन मिनिटं म्हणजे चहा उकळायचा वेळ. पण तो दर वर्षी साचत जातो आणि हजार वर्षांत दोन दिवसांच्या पुढे जातो. गणित करणाऱ्याची यात लबाडी नसते. त्याने पूर्वजांचा आकडा श्रद्धेने पुढे नेलेला असतो, एवढंच. आकाश मात्र कुणासाठी थांबत नाही. म्हणून जुने ज्योतिषी वेध घेऊन आकडे दुरुस्त करत. त्या दुरुस्तीला बीजसंस्कार म्हणतात.

आता सुदामा आणि त्याचे मित्र आठवा. ते रूढी पाळतात, अगदी मन लावून पाळतात. त्या पाळण्यातच ती रूढी मुळापासून किती सरकली आहे, हे आपल्याला लख्ख दिसतं. कधीतरी कुणीतरी योग्य विचाराने सुरू केलेला विधी, दर पिढीला थोडा थोडा चुकत, भलत्याच जागी येऊन उभा असतो. कोल्हटकर त्याचा वेध घेतात. ज्या डोळ्याने ग्रह पाहायचा त्याच डोळ्याने माणूस पाहायचा. त्यांचा विनोद म्हणजे समाजाला दिलेला बीजसंस्कार आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो.

राजकारणातही असे साचलेले आकडे असतात. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने गेलं. तरी १९३६ मध्ये हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. ज्या मुलखाचा कारभार त्याच्या घराण्याकडे नव्हता, त्या मुलखाच्या नावाचा!

आणि विज्ञानात? आपल्या मेळघाटाकडे बघा. रानपिंगळा हे छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नव्हता. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, त्यावर १९१४ साल आणि गुजरातेतल्या ठिकाणाची चिठ्ठी. लोक त्या चिठ्ठीवर विसंबून शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अभ्यासक बाईंनी तो नमुनाच तपासला. तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. तेव्हा ती चिठ्ठी बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सोबती खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्यात रानपिंगळा समोर बसलेला दिसला. पुढे तो मेळघाटातही सापडला. एकशे तेरा वर्षं हरवलेला पक्षी! तो कुठेच गेला नव्हता.

लोणारचं सरोवर २०२० च्या जून महिन्यात गुलाबी झालं, तेव्हा किती तर्क उठले ते तुम्हाला आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संस्थेत पाणी तपासलं, तर पाणी आटून खारेपणा वाढल्यावर फोफावलेले, रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव सापडले. कुणीतरी बाटली भरून नेली म्हणून हे कळलं.

मागे चिखलदऱ्याजवळच्या एका शाळेत मी रानपिंगळ्याची ही हकिगत सांगितली. सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, घुबड त दिवसा झोपते, मंग हे काहून जागं राह्यते?" माझ्या बोलण्यात ते आलंच नव्हतं. रानपिंगळा दिवसा फिरतो, हे तिने चित्राखालच्या ओळीतून टिपलं होतं. मी तिला म्हटलं, ते सरडे-पाली फार खातं आणि सरडे उन्हात बाहेर निघतात. ती खाली बसली नाही. म्हणाली, "मंग हिवाळ्यात?"