स्मृतिभ्रंश, मोबाईल आणि आपले विहार

(विहाराच्या वर्धापनदिनी निफाड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

दरवर्षी या दिवशी आपण चळवळीवर बोलतो. यंदा मी एका आजारावर बोलणार आहे. पण तोही चळवळीचाच विषय आहे, हे मी दाखवून देणार आहे. या आजाराचे नाव स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. आपण त्याला म्हातारचळ म्हणतो, "साठी बुद्धी नाठी" म्हणतो आणि मोकळे होतो.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. आशाताई घरोघर फॉर्म भरून घेतात, तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. साठीच्या पुढच्यांसाठी त्यात एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? ताईंनी आईला विचारलं, आणि आईच्या आधी मीच बोललो, "नाही हो ताई, तसं काही नाही." त्याच आठवड्यात आई बाजारातून येताना आपली गल्ली चुकली होती. मग मी असं का बोललो? लाज वाटली. लोक म्हणतील, म्हातारी वेडी झाली. रोज पंचशील म्हणणारा माणूस मी, आणि चौथं शील आशाताईंसमोर मोडलं. त्या एका "नाही"पायी आईला डॉक्टरकडे न्यायला वर्ष लागलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं.

लवकर का आणायचं? तर प्रत्येक विसर म्हणजे डिमेन्शिया नसतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉईड बिघडलं, मन उदास राहिलं, तरी माणूस विसरतो. आणि हे औषधाने सुधारू शकतं. तपासल्याशिवाय कसं कळणार?

बंधूंनो, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की, भारतात साठीच्या पुढच्या शंभरांपैकी सात जणांहून अधिक लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. पुरुषांपेक्षा बायांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि न शिकलेल्यांत जास्त. हे वर्णन कोणाचं आहे? आपल्या आयांचं आहे!

२०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने या आजाराचा धोका वाढवणारी १४ कारणे सांगितली. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असं त्यांचं म्हणणं. बी.पी., साखर, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, विडी-सिगारेट, अती दारू, बैठं राहणं, डोक्याला मार, उदासी, एकटेपणा, दूषित हवा, कमी दिसणं, कमी ऐकू येणं. आणि चौदावं कारण, लहानपणी शिक्षण न मिळणं! शिकताना मेंदूत जणू शिल्लक साठते. म्हातारपणी झीज सुरू झाली की ती शिल्लक कामी येते. ज्यांना या व्यवस्थेने शाळेच्या दाराबाहेर ठेवलं, त्यांची शिल्लक आधीच लुटली गेली. बाबासाहेब "शिका" म्हणाले ते पोटासाठी नव्हे, माणूस म्हणून उभं राहण्यासाठी. आज विज्ञान सांगतंय की ते म्हातारपणासाठीही होतं.

आता मोबाईलकडे येतो. आपली मुलं-मुली कॉम्प्युटर शिकली, पुण्या-बंगलोरला ॲप बनवतात. हे भाषण खास त्यांच्यासाठी आहे.

बाजारात मेंदूच्या खेळांची ॲप पुष्कळ आहेत. खेळ खेळा, बुद्धी शाबूत राहील, अशी जाहिरात असते. अमेरिकेत 'ल्युमोसिटी' हे असंच ॲप. पुरेसा पुरावा नसताना असे दावे केले म्हणून २०१६ साली त्या कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. म्हणून आधी पुरावा मागा. कालामांना बुद्धांनी हेच शिकवलं.

मग उपयोगाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एक मार्गदर्शिका काढली. डिमेन्शिया टाळण्यासाठी आणि रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी मोबाईलवर साधे संदेश कसे पाठवावेत, ते त्यात आहे. आपल्या देशात बी.पी. नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ साली सुरू झाला. त्यात महाराष्ट्रासह काही राज्यांत नर्सताईंच्या हाती 'सिम्पल' नावाचं ॲप आलं. ते बी.पी. नोंदवतं आणि कोण तपासणीला आलं नाही त्यांची यादी समोर ठेवतं. मग ताई फोन करतात. म्हणजे चुकलेलं माणूस मोबाईल दाखवतो, पण त्याला परत आणतं माणूसच.

आपल्याला असंच ॲप हवं, पण आपल्या आयांसाठी. माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, ते बोलणारं हवं, आणि आपल्या भागातली मराठी बोलणारं. वाचता येत नाही तिला पडद्यावरची अक्षरं काय कामाची?

दुसरी, स्मरणशक्तीची चाचणी शाळेची परीक्षा नसावी. शंभरातून सात वजा करत जा, वाक्य लिहा, असं विचारलं तर न शिकलेली बाई आजार नसतानाही नापास होते. हरियाणातल्या बल्लभगडच्या संशोधकांनी हे ओळखलं आणि निरक्षर खेडुतांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बनवली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. मोबाईलवाल्यांनी तो धडा विसरू नये.

तिसरी, कान तपासावेत. आम्ही गिरणी कामगारांनी मशीनच्या खडखडाटात आयुष्य काढलं. ऐकू येईना म्हणून माणूस चारचौघांत बसायचं सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ सालचं एक मोफत ॲप गोंगाटात तीन आकडे ऐकवतं, आपण ते दाबायचे. असं आपल्या बोलीत करा.

चौथी, आपल्या म्हाताऱ्यांची माहिती कोणाला विकली जाऊ नये. त्यासाठी २०२३ चा कायदा आहे, तो वाचा.

आणि हे ॲप वापरायचं कुठे? इथे, विहारात! ज्या आजीकडे मोबाईल नाही तिच्यासाठी विहाराचा एक मोबाईल आणि बी.पी.चं एक मशीन ठेवू. रविवारी वंदनेनंतर एका मुलाने नोंद घ्यायची. जो आला नाही, त्याच्या घरी जायचं. एकटेपणा त्यानेच तुटेल. पाचवं शील तर दारूवर आहेच. पाली भाषेत सति म्हणजे स्मरण आणि सति म्हणजेच सावधपणा. विहार हे सतीचं घर आहे, मग स्मृतीची काळजी दुसरं कोण घेणार?

एक शेवटचं. १३ ऑक्टोबर १९३५ ला शेजारच्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. माझे आजोबा तिथे गेले होते, असं आई सांगायची. कोणाबरोबर गेले, कसे गेले, हे सगळं ती लहानपणी आम्हाला सांगत असे. आम्ही लिहून ठेवलं नाही. आता विचारलं तर ती माझ्याकडे बघत राहते. त्रिशरण मात्र अजून न चुकता म्हणते. म्हणून मुलांनो, आज घरी गेल्यावर मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि आजीला बोलतं करा. त्याला वेगळं ॲप लागत नाही.

आणि आशाताईंनी तो प्रश्न विचारला, तर खरं सांगा. मी आता सांगतो : हो ताई, माझी आई विसरते.

नमो बुद्धाय! जयभीम!