ठिपक्यांची अक्षरं



तुळिंज रोडने तुम्ही नालासोपारा स्टेशनात शिरता.
मान आपोआप वर जाते.
इंडिकेटरवर गाडीचं नाव चमकत असतं.

ते नाव जवळून पाहिलंय?
त्यात एकही सलग रेघ नाही.
आहेत फक्त ठिपके.
छोटे एलईडी दिवे, काही पेटलेले, काही विझलेले.

हीच डॉट मॅट्रिक्स अक्षरं.

इंग्रजी अक्षराचं भागतं थोडक्यात.
आडवे 5 ठिपके, उभे 7.
एवढ्यात एपासून झेडपर्यंत सगळी बसतात.

आपल्या देवनागरीला मात्र जागा जास्त लागते.
वर शिरोरेषा.
तिच्यावर वेलांटी, मात्रा.
खाली उकार.
जोडाक्षर आलं, की आणखी दाटी.
'चर्चगेट'मधला रफार आठवा!

'घ' आणि 'ध' पाहा.
फरक डोक्यावरच्या एवढ्याशा भागाचा.
ठिपके कमी असले, की दोन्ही जुळे भाऊ.
अनुस्वार तर एखाददुसरा ठिपका.
तेवढाच दिवा गेला, की 'अंधेरी'ची 'अधेरी'!

म्हणजे, श्रोतेहो, खेळ सगळा ठिपक्यांचा.
कुठला लावायचा, कुठला सोडायचा.
माझ्या मते, देवनागरीत ही खरी कारागिरी आहे.

बसच्या पाटीवर हीच अक्षरं.
बँकेच्या पासबुकावरही ठिपकेच,
पण तिथे दिव्यांऐवजी छपाईयंत्राच्या बारीक पिना शाईच्या फितीवर आपटतात.
तो करकर आवाज ओळखीचा असेल.

आता तर संगणकावर असे फॉन्ट मुद्दाम बनवतात.
पोस्टरवर, टी-शर्टवर, जुन्या काळाची हौस म्हणून.
तिथे दिवा जायची भीती नाही.