उन्हाळ्यातली लांब धाव आणि थांबण्याचा हक्क

(पुण्यातील एका धावण्याच्या गटाचा उन्हाळी सराव सुरू होण्यापूर्वी सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



येत्या रविवारपासून आपल्या उन्हाळी लांब धावा सुरू होतील. खडकवासल्याहून पानशेतच्या रस्त्याने १० किलोमीटर जायचं आणि तितकंच परत यायचं. पहाटे ५ वाजता निघालो तरी शेवटचे लोक परतेपर्यंत ८ वाजून जातात आणि एप्रिलअखेरीस तोवर ऊन चांगलंच चढलेलं असतं. कोणते बूट घ्यावेत, वेग कसा वाढवावा, हे तुमच्यापैकी अनेकांना माझ्याहून जास्त कळतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. मला एकच मुद्दा मांडायचा आहे. उन्हाचा ज्याला त्रास होतो, त्याला स्वतःला तो कळेलच असं नाही. म्हणून तो ओळखण्याची जबाबदारी शेजारी धावणाऱ्याची आहे.

आमच्या क्षेत्रात एक साधी पद्धत असते. सर्व्हर बंद पडला की ‘मी बंद पडलोय’ असं तो स्वतः सांगू शकत नाही. म्हणून दुसरं मशीन त्याला ठरावीक वेळाने हाक मारतं. उत्तर आलं नाही किंवा चुकीचं आलं, की तिथे माणूस धावतो. उष्माघातात नेमकं हेच होतं. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा साधारण पाऊण हिस्सा उष्णता म्हणून बाहेर पडतो. ती घामाच्या बाष्पीभवनाने निघून जाते. हवा दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही आणि उष्णता आतच राहते. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदूचं काम बिघडू लागतं. म्हणजे धोका ओळखणारा अवयवच आधी निकामी होतो. अशा माणसाला ‘ठीक आहेस ना?’ विचारलं तर तो ‘हो’च म्हणणार.

गेल्या मे महिन्यात आपल्याच एका सहकाऱ्याचं असं झालं. गटातला सगळ्यांत दमदार गडी. सोळाव्या किलोमीटरला तो रस्त्याच्या मधोमध जाऊ लागला. जोडीदाराने हात धरला तर चिडला. ‘मी ठीक आहे, सोड मला,’ म्हणाला. अंग घामाने निथळत होतं. उष्माघातात कातडी कोरडी पडते असं आपण ऐकलेलं असतं, पण धावताना होणाऱ्या उष्माघातात ती ओली असू शकते. जोडीदाराने त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवला नाही. जवळच एक रसवंतीवाले दुकान उघडत होते, बर्फाची लादी नुकतीच आली होती. एकाने १०८ ला फोन लावला, बाकीच्यांनी त्याला सावलीत आडवं केलं. रसवंतीवाल्यांनी पिंप आणि बर्फ दिला. पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांनी आपला मित्र घरी आला. त्या अर्ध्या तासातलं त्याला आजही काही आठवत नाही.

यातून आपण चार नियम केले आहेत. ते जुन्या सदस्यांनाही तितकेच लागू आहेत.

पहिला, कोणीही एकटं धावायचं नाही. चार-चार जणांचा गट, आणि गटाचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत हळू धावणाऱ्याचा वेग. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत घड्याळ बघूच नका.

दुसरा, दर दोन किलोमीटरला एकमेकांना प्रश्न विचारायचा, पण ‘ठीक आहेस ना?’ हा नाही. ‘पाण्याचा पुढचा थांबा कुठे आहे?’ किंवा ‘आपण किती वाजता निघालो?’ असं काही विचारा, ज्याचं उत्तर विचार करूनच द्यावं लागेल. उत्तर अडखळलं, चाल वाकडी झाली, माणूस उगाच चिडला किंवा एकदम गप्प झाला, तर तिथेच थांबायचं.

तिसरा, कोणी ‘थांबतो’ किंवा ‘थांबते’ म्हटलं तर कारण विचारायचं नाही. कोणाची पाळी असेल, कोणाचा उपवास किंवा रोजा असेल, कोणी रक्तदाबाची गोळी घेत असेल, कोणाची रात्रभर झोप झाली नसेल. हे सगळ्यांसमोर सांगायची सक्ती असेल, तर माणूस न सांगता धावत राहतो. थांबणाऱ्याची थट्टा करणारा गट धोकादायक असतो.

चौथा, शंका आली की आधी गार करायचं, मग हलवायचं. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरणं सगळ्यांत महत्त्वाचं. मोठ्या टबात गार पाण्यात बसवता आलं तर उत्तम, नाहीतर सतत गार पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजू नका.

पाण्याबद्दलही एक सांगतो. कमी पिणं वाईट, तसंच भरमसाट पिणंही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांमध्ये सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी आढळलं. त्यामागचं एक मुख्य कारण होतं गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. घरी धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात. मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, ओआरएस चालेल. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

काहींना वाटेल, एवढी काळजी घेतली तर जिद्द कुठे राहिली? १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमधली मॅरेथॉन आठवा. ३२ अंशांच्या आसपास ऊन, धुळीचा रस्ता, आणि पाण्याशिवाय शरीराचं काय होतं हे पाहण्यासाठी आयोजकांनी पाण्याची सोय मुद्दाम कमी ठेवली होती. ३२ जण धावले, १४ जणांनी शर्यत पूर्ण केली. एक धावपटू रस्त्याकडेला मरणाच्या दारात सापडला. त्याउलट २००७ मध्ये शिकागो मॅरेथॉनच्या दिवशी उष्मा असह्य झाला, तेव्हा आयोजकांनी सुरू असलेली शर्यत थांबवली. हजारो लोकांची महिनोन् महिन्यांची तयारी वाया गेली, तरीही थांबवली. मला हा दुसरा निर्णय जास्त धाडसाचा वाटतो.

शेवटचा मुद्दा. आपण साडेआठला घरी जाऊन पंख्याखाली बसतो. त्याच वेळी त्याच रस्त्यावर डांबर टाकणारे, विटा वाहणारे, घरोघरी सामान पोचवणारे लोक कामाला लागतात. आपल्याला थांबायचं असेल तर आपण थांबू शकतो. त्यांनी थांबायचं म्हटलं तर रोज बुडतो. शरीर सगळ्यांचं सारखंच तापतं, थांबण्याचा हक्क मात्र सारखा नाही. त्यामुळे यंदा दोन गोष्टी करू या. आपल्या थांब्यांवरचे पाण्याचे पिंप सकाळी उचलायचे नाहीत, भरून संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवायचे. पाळीपाळीने कोण भरणार याची यादी आज जाण्यापूर्वी करू. आणि आपल्या सोसायटीत, बांधकामावर, रस्त्यावर कोणी उन्हात अडखळताना, असंबद्ध बोलताना दिसलं, तर ‘प्यायला असेल’ म्हणून पुढे जायचं नाही. थांबायचं, प्रश्न विचारायचा, गार करायचं, १०८ लावायचा. रसवंतीवाल्यांनी आपल्या मित्रासाठी केलं, तेच.

रविवारी पहाटे पावणेपाचला भेटू. जोड्या तिथेच लावू.