आईचा आजार आणि स्वीडनमधले उंदीर

माझं काम सूक्ष्मदर्शकाशी. शस्त्रक्रियेत काढलेला भाग आमच्याकडे येतो, त्याच्या पातळ चकत्या करून त्यात कर्करोग आहे का, हे आम्ही बघतो. रुग्णाशी आमची गाठ सहसा पडत नाही. पण काही वर्षांपूर्वी चाळिशीतल्या एक बाई आईचा रिपोर्ट घ्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, आईला पिशवीचा कॅन्सर निघाला. मावशीही त्यानंच गेली. आता नंबर माझा का?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. मायलेकींची निम्मी जनुकं सारखी असतात हे खरं, पण पुष्कळदा घर, ताटातलं जेवण, वजन, मधुमेह हेही सारखंच असतं. शरीरातली जादा चरबी इस्ट्रोजेन तयार करते आणि त्यानं गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत राहतं. मग जनुकांतून काय आलं आणि ताटातून काय, हे निवडायचं कसं?

हा प्रश्न जुना आहे. 1895 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ऑल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, की आमच्या घरात सगळे कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानंच गेली. वॉर्थिननं तिच्या घराण्याची नोंद 1913 मध्ये प्रसिद्ध केली. त्यामागची जनुकं सापडली ती मात्र 1993 पासून पुढे. या आनुवंशिक दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या शंभर कर्करोगांत त्याचे जेमतेम तीन. बाकीच्यांचं काय?

इथे उंदीर कामाला येतात. माणसांची लग्नं कोणी प्रयोगासाठी लावत नाही, आणि दोन पिढ्या बघायच्या तर संशोधकाचंच आयुष्य सरतं. जर्मनीत हर्मन ड्रकरी यांनी उंदरांचे काही वाण तयार केले. भावाबहिणींची जोडी लावत वीस-वीस पिढ्या गेल्या की वाणातले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे होतात. त्यातला बीडी-दोन हा वाण विलक्षण निघाला. पिलं न झालेल्या माद्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त माद्यांना दोन वर्षांच्या आत याच अस्तराचा कर्करोग होतो. कसलंही विष न टोचता, आपोआप.

आपल्याला वाटेल, एक वाईट जनुक असणार, ते शोधलं की झालं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी या माद्यांचा संकर हा रोग क्वचितच होणाऱ्या दोन वेगळ्या वाणांशी केला, नातवंडं वाढवली, आणि कोणत्या मादीला रोग झाला व तिच्याकडे आजीकडून गुणसूत्रांचे कोणते तुकडे आले, हे पडताळलं. 2001 मध्ये उत्तर आलं: दोष एका ठिकाणी नाही, अनेक गुणसूत्रांवर विखुरलेला आहे. शिवाय जोडीदार वाण बदलला की संशयाच्या जागाही बदलतात. म्हणजे आईकडून आलेलं जनुक काय करेल, हे बापाकडून काय आलं यावरही ठरतं.

त्याहून मला भावलेला प्रयोग 1995 चा. याच माद्यांना जर्मनीत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं एक औषध दिलं गेलं, आणि हा कर्करोग एकीलाही झाला नाही. जनुकं तीच होती, बरं का! फक्त इस्ट्रोजेनला आवर घालणारं कोणीतरी होतं.

उंदीर म्हणजे बाई नव्हे, हेही सांगायला हवं. त्यांना आपल्यासारखी पाळी येत नाही. पण त्यांच्या गाठींत जी जनुकं बिघडलेली दिसतात, त्यांतली काही आपल्याही गाठींत बिघडलेली आढळतात, म्हणून शोध कुठे घ्यायचा ते कळतं. (त्या माद्यांबद्दल मला वाईट वाटतं, ते वेगळं.)

आता त्या बाईंकडे येते. त्यांच्या आईच्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत आमच्या कपाटात होता. लिंच सिंड्रोममध्ये ज्या चार प्रथिनांपैकी काही नाहीशी होतात, ती तपासली. चारही जागेवर होती, म्हणजे तो दोष असण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली. मग मावशीचे जुने कागद मागवले. तिचा कर्करोग पिशवीच्या आतला नव्हताच, गर्भाशयाच्या मुखाचा होता. तो मुख्यतः एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गानं होतो. घरात दोन्हींना एकच नाव, 'पिशवीचा कॅन्सर', आणि एवढ्यावर त्या वर्षभर झोपल्या नव्हत्या.

"म्हणजे माझा नंबर नाही?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "तसं लिहून देता येणार नाही. आईकडून थोडंफार काही आलं असेलही. मुखाची तपासणी वेळच्या वेळी करा, वजन आणि साखर सांभाळा. आणि पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. दुखत नसलं तरी."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आईला आठ महिने अंगावर जात होतं. वहिनीचं बाळंतपण होतं ना घरात, म्हणून बोलली नाही."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)