गाडीचे चाक का तापते?

श्रोतेहो, आज बोलायचे आहे ते गाडीच्या ब्रेकविषयी. पण न लागणाऱ्या ब्रेकविषयी नव्हे. ब्रेक लागत नाही हे माणसाला तात्काळ कळते आणि तो धास्तावतो. लागलेला ब्रेक सुटत नाही, हे मात्र पुष्कळ दिवस ध्यानातच येत नाही. गाडी जरा जड चालते, डिझेल जास्त जाते, एवढेच. आखाला वंगण नसले तरी बैल बिचारे मुकाट्याने ओढतात ना, तसेच इंजिनाचे होते.

आपल्या बीड जिल्ह्यात याचा धोका अधिक. जिल्ह्यातून बालाघाटाच्या रांगा गेल्या आहेत. सोलापूर-धुळे महामार्गावर मांजरसुंब्याचा घाट आहे. कपिलधारेचे दर्शन घेऊन माणसांनी भरलेली जीप घाट उतरू लागते, आणि तिचे एक चाक आधीच तव्यासारखे तापलेले असते. अशा वेळी त्या चाकातले ब्रेक ऑईल उकळून त्याची वाफ होते. ऑईल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल सरळ तळाला जाते आणि हाती काही राहत नाही. डॉट ३ जातीचे ताजे ऑईल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा पिते, आणि असे पाणी प्यालेले ऑईल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. म्हणून दोन वर्षांनी ऑईल बदला म्हणतात, त्यात मिस्त्रीचा लोभ नसतो.

आता दुखणे ओळखायचे कसे? घाट उतरून आल्यावर चाके तपासू नका; तेव्हा सगळीच तापलेली असतात. सपाट रस्त्याने चार-पाच मैल, ब्रेक जमेल तितका कमी वापरून गाडी चालवा आणि हळूहळू थांबू द्या. मग प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू मात्र नका. चाकाच्या मध्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब टाका; चुर्र झाले की समजावे. तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतणारे पुष्कळ आहेत, पण त्याने ड्रम तडकतो.

एकच चाक तापले, तर खोड बहुधा त्या चाकाची. मागची दोन्ही तापली, तर आधी हँडब्रेकची तार पाहा. ती गंजून अडकते. चारही तापली, तर पेडलकडे या. पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल हवी. कोणी दांडी कसून ठेवली असेल, तर मास्टर सिलिंडरचा दट्ट्या पुरता मागे येत नाही आणि ऑईल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते. तापून फुगलेल्या ऑईलला वाट नाही, म्हणून ब्रेक आणखी आवळतो. गाडी थंड झाली की तो आपोआप सुटतो. मिस्त्रीकडे जाईपर्यंत दुखणे गायब!

एका चाकासाठी खरी परीक्षा ही. सपाट जागी बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, चाक जॅकवर उचला आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चाक जाम असतानाच हवा काढायचे निपल किंचित सैल करा. ऑईल उडाले आणि चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला होता. रबरी होज आतून फुगली आहे किंवा मास्टर सिलिंडर बिघडला आहे. मास्टर सिलिंडरपाशी नळी सैल करून चाक सुटले, तर दोष मास्टरचा; तिथे सुटले नाही पण निपलपाशी सुटले, तर होजचा. निपल सोडूनही चाक हलत नसेल, तर कॅलिपरचा दट्ट्या, त्याच्या पिना किंवा ड्रममधले शू गंजून अडकले आहेत. यापुढचे काम जाणत्या मिस्त्रीचे. नंतर हवा काढायला विसरू नये.

शिक्षकबंधूंनो, वर्गात पास्कलचा नियम शिकवताना एक लहान व एक मोठी, सुई नसलेली पिचकारी पाणी भरून नळीने जोडा. लहान दाबली की मोठी उचलते. आता नळी चिमटीत धरा आणि लहान पिचकारी मागे ओढा. मोठी जागची हलत नाही. फुगलेल्या होजमध्ये हेच घडते.

आणखी एक. ब्रेक ऑईल कमी झाले म्हणून टाकीत इंजिन ऑईल ओतण्याची चाल खेड्यापाड्यांत आढळते. खनिज तेलाने आतली सारी रबरे फुगतात आणि चारही चाके धरतात. मग नळ्या धुवा, रबरे बदला, असा चांगलाच खर्च बसतो. लायनरची धूळही तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, तो फुप्फुसात जातो. ओल्या फडक्याने पुसा.

उसाचा हंगाम संपवून आलेल्या गाड्या आपल्याकडे पावसाळाभर झाडाखाली उभ्या असतात, हँडब्रेक ओढून. शू ड्रमला गंजून चिकटतात ते तिथेच. उभी करताना हँडब्रेक सोडा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. आणि दसऱ्याला पूजा करण्याआधी चारही चाके उचलून हाताने फिरवून पाहा.