गाडीवाले, हॉटेलवाले आणि आपण

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या मंडळाकडे दोन कागद आले. पहिला कागद स्टेशनरस्त्यावरील हॉटेलवाल्यांचा. संध्याकाळी लागणाऱ्या खाद्यपदार्थांच्या गाड्या हटवाव्यात असा अर्ज त्यांना पालिकेकडे द्यायचा आहे आणि त्यावर महिलामंडळाची सही हवी आहे. चार दिवसांनी दुसरा कागद आला तो गाडीवाल्यांचा. आमच्या पोटावर पाय येतो आहे, मंडळाने आमच्या मागे उभे राहावे, असे त्यांचे म्हणणे. दोघांनाही आपली सही हवी, म्हणून आपण फुशारून जाण्याचे कारण नाही. पण सही करायची तर दोन्ही बाजू ऐकून करावी, म्हणून आजची ही चर्चा ठेवली आहे. मला जे समजले ते मी साध्या शब्दांत मांडते.

प्रथम हॉटेलवाल्यांची बाजू. ती खोटी नाही. त्यांना जागेचे भाडे आहे, विजेचे बिल आहे, कामाला ठेवलेल्या मुलांचे पगार आहेत, आग विझवण्याची साधने ठेवावी लागतात, तपासणीस आला की त्याला स्वयंपाकघर दाखवावे लागते. गिऱ्हाइकाला बसायला बाकडे, हात धुवायला नळ आणि प्यायला पाणी द्यावे लागते. इतके करून दुकान उघडावे आणि बरोबर दारासमोर एखादी गाडी लागावी, तिचा धूर आत यावा, तिच्या गिऱ्हाइकांनी उष्ट्या बश्या आपल्या पायरीवर ठेवाव्यात, तर कोणालाही राग येईल. आता तर टेम्पोतच चूल मांडलेला एक फूडट्रकही आपल्या रस्त्यावर उभा राहू लागला आहे. त्याचे दिवे पाहून पोरे तिकडेच धावतात.

पण त्याच हॉटेलवाल्यांपैकी दोघांनी भजी तळायची कढई फुटपाथवर मांडली आहे, हेही आपण रोज पाहतो. फुटपाथ अडवणे हा गुन्हा असेल तर तो कढईचाही आहे. गाडीला चाके आहेत आणि कढईला नाहीत, एवढ्याने तो पुसला जात नाही.

आता गाडीवाल्यांची बाजू. आपल्या रस्त्यावर संध्याकाळी अकरा गाड्या लागतात. त्यांतील चार बायकांच्या आहेत. थालीपीठवाल्या मावशींना तुम्ही सगळ्या ओळखता. त्यांच्या दोन मुलींचे शिक्षण त्या तव्यावर झाले. हॉटेलात थाळी दीडशे रुपयांना पडते. बांधकामावरचा मजूर, दुकानातली मुलगी, रात्रपाळीचा वॉचमन यांना ती रोज परवडेल काय? वीस रुपयांचा वडापाव हाच त्यांचा आधार. आणि सातच्या लोकलने उतरून घरी येणारी नोकरदार सून चार पोळ्या आणि भाजी बांधून घेते, तेव्हा तिच्या घरातला एक तास वाचतो. त्या तासाची किंमत आपल्याला कळते.

रस्त्यावरचे खाणे ही काही आजची टूम नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव एकत्र करून विकायला सुरुवात केली असे सांगतात. आज तोच वडापाव मोठमोठ्या हॉटेलांच्या पानावर असतो. म्हणजे गाडीचे पदार्थ हॉटेलात गेले आणि त्याने हॉटेलांचे नुकसान झाले नाही. गिरणगावातील खानावळवाल्या बायकांचेही उदाहरण घ्या. गिरणी कामगारांना जेवू घालून त्या संसार चालवीत, पण सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या बायकांपाशी हॉटेल नव्हते, पाटी नव्हती. हाताला चव होती आणि जिद्द होती. अन्न शिजवून पोट भरणाऱ्या बाईला ‘ही बेकायदा’ म्हणण्यापूर्वी आपण हे आठवावे.

तिसरी बाजू मात्र दोन्ही कागदांत नाही. ती आपली, म्हणजे चालणाऱ्यांची. शिवणवर्गातली टेप घेऊन आपल्यापैकी आम्ही तिघी एका संध्याकाळी स्टेशनरस्त्यावर गेलो. फुटपाथ आठ फूट रुंद भरला. गाडीने साडेतीन फूट घेतले. गाडीपुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनी तीन फूट घेतले. उरला दीड फूट. त्या दीड फुटातून कडेवर मूल आणि हातात पिशवी घेतलेली बाई जाऊ शकत नाही. काठी टेकणाऱ्या आजी तर नाहीच नाही. त्या खाली रस्त्यावर उतरतात आणि मागून रिक्षा येते. हॉटेलवाल्याचा गल्ला आणि गाडीवाल्याचे पोट यांच्या भांडणात या आजींचा पाय कोणी मोजत नाही.

गर्दीच्या ठिकाणी वाट अरुंद असली म्हणजे काय होते, ते २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर सर्वांनी पाहिले. पावसामुळे लोक जिन्यावर थांबले, चेंगराचेंगरी झाली आणि वीसच्या वर माणसे गेली. दोष एकट्या फेरीवाल्यांचा नव्हता, जिनाच अरुंद होता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत आणि शाळा, इस्पितळे, देवळे यांच्यापासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसण्यास मनाई केली. हे अंतर कशासाठी, ते नीट पाहा. ते जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या जिवासाठी आहे.

याउलट एक उदाहरण सांगते. माझा भाचा अमेरिकेत शिकागोला असतो. तिथे नियम असा, की कोणत्याही रेस्टॉरंटपासून २०० फुटांच्या आत फूडट्रक उभा करायचा नाही. ट्रक कुठे आहे हे कळावे म्हणून त्यावर यंत्रही बसवावे लागते. ट्रकवाले कोर्टात गेले, पण २०१९ च्या मे महिन्यात इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायम केला. रेस्टॉरंटे गावाला स्थिर कर देतात, म्हणून गावाने त्यांना जपले तर ते चुकीचे नाही, असा त्यामागचा विचार. तो त्यांच्या देशाचा प्रश्न. पण आपल्याकडे आलेल्या हॉटेलवाल्यांच्या अर्जातही शेवटी हेच आहे. ‘आमच्या दारापासून शंभर फूट दूर’ अशी त्यांची मागणी. मला वाटते, दाराच्या तोंडाशी गाडी नको हे अगदी बरोबर, कारण दार अडता कामा नये. पण शंभर फूट कशाला? शंभर फुटांवर धूर जात नाही आणि उष्टी बशीही जात नाही. तिथे फक्त गिऱ्हाइक जाते. गिऱ्हाइकाने कुठे खावे हे ठरवायला पालिकेचा दोर वापरू नये.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. नियम हवा, आणि तो कडक हवा. पण तो वाटेसाठी, पाण्यासाठी, आगीपासून बचावासाठी असावा. एकाचा धंदा दुसऱ्यापासून वाचवण्यासाठी नसावा.

आता काही भगिनी म्हणतील, की गाड्या बेकायदाच आहेत, मग चर्चा कशाला? तर तसे नाही. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग यांच्या खटल्यात सांगितले, की रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायाच्या हक्काचा भाग आहे. मात्र त्यावर योग्य बंधने घालता येतात. पुढे २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला. तो मी दोनदा वाचला. त्यातील चार गोष्टी प्रत्येकीने लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, आधी सर्वेक्षण व्हायचे. कोण कुठे बसतो याची मोजणी करून मग दाखला द्यायचा. वॉर्डाच्या, विभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के ही मर्यादा. म्हणजे चाळीस हजारांच्या वस्तीला हजार विक्रेते, त्यांत भाजीवाले, फुलवाले सगळेच आले. दुसरी गोष्ट, उठवायचे असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यायची. तिसरी, माल उचलून नेला आणि तो नासणारा असेल, तर मागणी होईल त्याच दिवशी परत करायचा. गेल्या पावसाळ्यात थालीपीठवाल्या मावशींचे सामान उचलले गेले, ते चौथ्या दिवशी मिळाले. पिठाचे काय झाले असेल ते तुम्हाला सांगायला नको. हा कायदा त्यांनाही माहीत नव्हता, आपल्यालाही नव्हता. चौथी गोष्ट, ज्याच्याकडे दाखला आहे त्याने आपली जागा स्वच्छ ठेवलीच पाहिजे. हक्क आणि झाडू दोन्ही एकाच कायद्यात आहेत.

दाखला नसला की काय होते, तेही सांगते. दाखला नसला की पावती नसते, आणि पावती नसली म्हणून पैसे द्यावे लागत नाहीत असे थोडेच आहे? ते जातातच, फक्त तिजोरीत जात नाहीत. हॉटेलवाले म्हणतात, गाडीवाला काही भरत नाही. गाडीवाल्याला विचारा, तो म्हणेल, मी रोज भरतो. दोघेही खरे बोलतात. जो पैसा पावतीने पालिकेकडे गेला असता तर त्यातून नळ झाला असता, तो वाटेतच मुरतो.

स्वच्छतेचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कारण ते आपल्या मुलांच्या पोटात जाते. एकाच बादलीत दिवसभर बुचकळलेल्या बश्या, उघडी चटणी, काळे पडेपर्यंत तापवलेले तेल हे कोणाच्याही गरिबीचे निमित्त सांगून चालायचे नाही. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा. तो २०११ च्या ऑगस्टपासून लागू झाला आणि त्याने लहानात लहान खाद्यविक्रेत्यालाही नोंदणीच्या कक्षेत आणले. तसेच गॅसचे. गाड्यांवर आपल्या घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर सर्रास दिसतो. तो घरगुती वापराचा; धंद्याला १९ किलोचा वेगळा असतो. गर्दीत, वाऱ्यावर, जुन्या नळीने जोडलेला सिलिंडर म्हणजे सर्वांच्याच जिवाशी खेळ. पण बारा महिने जिथे शेकडो माणसे खातात तिथे एक नळ, दोन कचऱ्याचे डबे आणि सांडपाण्याची मोरी नको काय? ती व्यवस्था न करता ‘घाण करतात’ म्हणणे म्हणजे पाणी न देता भांडी घासायला सांगणे.

मग आपण काय करावे? मी असे सुचवते, की आपण दोन्हीपैकी एकाही कागदावर सही करू नये. मंडळाने तिसरा, स्वतःचा अर्ज द्यावा. त्यात तीन मागण्या असाव्यात.

एक, स्टेशनरस्त्यावर फुटपाथचे निदान पाच फूट चालणाऱ्यांसाठी मोकळे ठेवून रंगाने पट्टा आखावा. पट्ट्याच्या आत गाडीही नको आणि हॉटेलची कढईही नको. आमच्या मोजमापाप्रमाणे सध्याच्या जागी अकरा गाड्या बसत नाहीत. मात्र शाळेच्या पलीकडे, शंभर मीटरच्या हद्दीबाहेर, गोदामाची लांब भिंत आहे. गोदाम सहाला बंद होते. संध्याकाळी सहा ते दहा सहा गाड्या आणि तो फूडट्रक तिथे लावता येईल. ती जागा स्टेशनापासूनही १५० मीटरच्या पुढे आहे.

दोन, तिथे नळ, मोरी आणि कचऱ्याचे डबे द्यावेत, आणि त्यासाठी गाडीवाल्यांकडून पावती देऊन रीतसर फी घ्यावी. सिलिंडर आणि नळी यांची तपासणी हॉटेल आणि गाडी दोघांचीही व्हावी.

तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची. या कायद्याप्रमाणे पालिकेत नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. शिवाय निदान दहा टक्के जागा स्वयंसेवी आणि वस्तीतल्या संस्थांना आहेत. वस्तीतली संस्था म्हणजे आपले मंडळ नव्हे काय? आपण हळदीकुंकू करतो, शिवणवर्ग चालवतो, मग या समितीसाठीही आपले नाव द्यावे. थालीपीठवाल्या मावशींनी गाडीवाल्यांतर्फे उभे राहावे आणि आपण त्यांना अर्ज भरायला मदत करावी.

हॉटेलवाल्यांशी आपले वैर नाही. मंगळागौरीचे फराळाचे पदार्थ आपण त्यांच्याकडूनच आणतो, आणि त्यांच्यापैकी एकाच्या घरची सूनबाई आपल्या मंडळाची सभासद आहे. तिने ही चर्चा घरी सांगावी आणि पाच फुटांच्या पट्ट्याला सासरेबुवांची संमती मिळवावी, अशी तिला माझी विनंती. तसेच गाडीवाल्यांनाही सांगावे, की मंडळ तुमचा तवा विझू देणार नाही, पण आमची वाटही तुम्हाला अडवू देणार नाही.

पुढच्या सभेपर्यंत अर्जाचा मसुदा तयार होईल. ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी त्या दिवशी अवश्य बोलावे. तोवर टेप शिवणवर्गाच्या कपाटातच आहे. कोणालाही घेऊन जाऊन पुन्हा मोजता येईल.